पट्टी न घातलेले म्यान

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे पंच्याहत्तर, धंदा चामड्याचे काम, राहणार दुकानाच्या वरच्या मजल्यावर, पूर्ण शुद्धीत असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डाव्या डोळ्याने कमी दिसते आणि उजवा अंगठा थरथरतो, पण त्याचा बुद्धीशी संबंध नाही असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. तो कागद सोबत जोडला आहे. हे लिहिण्यासाठी मला कोणी भरीस घातलेले नाही किंवा दमदाटी केलेली नाही. लाज मात्र वाटत आहे. वकील म्हणाले, लाजेचा उल्लेख कायद्याने लागत नाही. मी म्हटले, राहू द्या.

गेल्या वर्षी मी एक मृत्युपत्र तयार केले होते. त्यावर सह्या झाल्याच नाहीत. का झाल्या नाहीत ते पुढे येईल. तरी ते कोणाच्या हाती लागल्यास रद्द समजावे.

१. माझे घर व दुकान एकाच इमारतीत आहे. खाली दुकान, मागे चामडे भिजवायची मोरी, वर दोन खोल्या. हे सर्व माझ्या स्वतःच्या कमाईचे आहे. वडिलांकडून आलेल्या गोष्टी दोनच, एक ऐरण आणि दुसरा तापट स्वभाव. मला बायको-मुले नाहीत. रक्ताचे माणूस म्हणजे धाकटी बहीण. तिचे यजमान, म्हणजे माझे मेहुणे, आणि त्यांची मुलगी, माझी भाची, वय अठ्ठावीस. एवढाच माझा गोतावळा.

२. दुकान, मोरी, शिलाईचे मशीन, आऱ्या, रापी, मोगरी आणि भिंतीवर टांगलेले सगळे कागदी नमुने टाकेबाईंना द्यावेत. टाकेबाई म्हणजे गेली एकतीस वर्षे माझ्याकडे हाताने शिलाई करणाऱ्या बाई. त्यांचे खरे नाव गल्लीत कोणी घेत नाही, ते वकिलांच्या यादीत आहे. त्यांनी दुकानाची पाटी बदलली तरी चालेल. बदललीच तर माझी पाटी फळी म्हणून वापरावी, लाकूड चांगले आहे.

३. शेजारच्या घड्याळवाल्याने माझी लहान ऐरण सात वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी नेली आहे. ती मी त्याला मनाने केव्हाच देऊन टाकली आहे, परत मागू नये. त्याचा बारीक पेचकस माझ्या खणात आहे, तो त्याने इथे येऊन किमान चार वेळा शोधला आहे. तो द्यावा, आणि कुठे सापडला ते सांगू नये. तो साक्षीदार म्हणून हे वाचणारच आहे, त्यामुळे हे कलम तसे फुकट गेले.

४. आता मुख्य कलम. बाकी सर्व वाटणी यावर उभी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

माझे मेहुणे झाडांच्या छाटणीचे काम करत. उंच झाडावर दोर बांधून चढायचे, वाळकी फांदी उतरवायची, खोडाची जखम गुळगुळीत कापून ठेवायची. त्यांच्याकडे एक सुरी होती, त्यांच्या वडिलांची. वडिलांच्या उजव्या हाताला दोन बोटे नव्हती, म्हणून त्यांनी मूठ तिरकी बसवून घेतली होती. पात्याची मान बारीक, मग एकदम पोट सुटलेले, आणि टोक पोपटाच्या चोचीसारखे आत वळलेले. घरात तिला सगळे ‘वाकडी’ म्हणत. मेहुणे तिला कापडात गुंडाळून पिशवीत ठेवत आणि झाडावर गेल्यावर एका हाताने सोडवत बसत.

बावीस वर्षांपूर्वी ते ती घेऊन दुकानात आले आणि म्हणाले, “दादा, हिला म्यान करून द्याल? अवघड आहे म्हणा. जमणार नसेल तर दुसरीकडे दाखवतो.”

ते सरळ मनाने बोलले होते. मला ते झोंबले. बहिणीने त्यांच्याशी लग्न केले ते मला पसंत नव्हते. मी बघितलेला मुलगा दुकानदार होता, आणि हे झाडावर चढणारे. दहा वर्षे मी त्यांच्याशी गोड बोलत होतो आणि मनात अढी धरून होतो.

काम खरेच अवघड होते. साधे म्यान तोंडाशी उघडे असते. पण हिचे पोट आत जाईल एवढे तोंड ठेवले तर मान सैल राहणार, आणि वाकले की सुरी बाहेर पडणार. म्हणून मी म्यान पात्याच्या पाठीच्या बाजूने उघडे ठेवले, वर झाकण आणि दोन टिचबटणे. धारेच्या बाजूला शिलाई. हे मला सुचले याचा मला इतका आनंद झाला की पुढचे मी केलेच नाही.

पुढचे म्हणजे पट्टी. दोन चामड्यांच्या मध्ये, शिलाईच्या आतल्या बाजूला, जाड चामड्याची पट्टी घालावी लागते. धार त्या पट्टीवर टेकते, दोऱ्यावर टेकत नाही. सरळ सुरीला ती दहा मिनिटांत बसते. वाकडीला ती चार तुकड्यांत कापून, भिजवून, वळवून बसवावी लागली असती. एक अख्खा दिवस. त्या आठवड्यात पेट्यांचे मोठे काम आले होते, आणि हे घरचे काम होते.

मी जोडकाम करून टाकेबाईंपुढे ठेवले. त्यांनी ते उजेडात धरले.

“मालक, पट्टी?”

“चालतंय तेवढं. शिवून टाका.”

“धार दोऱ्यावर येतीये.”

“बाई, शिवा म्हटलं ना.”

त्यांनी शिवले. मग मी त्याच्या कडा घासून काचेसारख्या केल्या आणि वर एक पान उठवले, शिरांसकट. त्या पानाला मला दोन तास लागले. मेहुण्यांनी म्यान कमरेला लावून आरशात पाहिले आणि रस्त्यातल्या चार जणांना थांबवून दाखवले. म्हणाले, “आमच्या दादांनी केलंय.”

अकरा महिन्यांनी, झाडावरून उतरताना ते बुंध्याला चिकटले आणि म्यान मांडीवर दाबले गेले. आतून दोरा केव्हाच कापला गेला होता. सुरी शिलाईतून बाहेर आली आणि गुडघ्याच्या वर मागच्या बाजूला रुतली. डॉक्टर म्हणाले, बोटभर इकडे असती तर हा माणूस झाडावरच संपला असता.

पाचव्या दिवशी बहीण म्यान घेऊन दुकानात आली. चार बोटे शिलाई उसवली होती.

“दादा, बघ ना हे. कसं झालं असेल?”

मी ते हातात घेतले आणि त्याच क्षणी मला कळले. टाकेबाई माझ्या मागे बसल्या होत्या. त्यांची सुई थांबली, ते मला न बघताही समजले. मी म्हणालो, “घाईत तिरकी कोंबली असणार त्यांनी. मी बजावलं होतं, सरळ घाला म्हणून.”

मी काहीही बजावले नव्हते.

ती घरी गेली आणि तिने ते त्यांना सांगितले. ते खाटेवर पडून होते. म्हणाले, “घातली असेन तिरकी. आठवत नाही.”

म्यान मी दुरुस्तीच्या नावाखाली ठेवून घेतले. कोणी आत डोकावले असते तर पट्टी नाही हे शेंबड्या पोरालाही कळले असते. म्हणून मी त्याचे तुकडे केले. त्यातून किल्ल्यांना लावायचे अकरा बिल्ले निघाले. ते मी विकले. पान उठवलेला तुकडा आधी गेला.

५. त्यांचा पाय वर्षभरात बरा झाला. थोडे लंगडत, पण चालत. तरीही ते पुन्हा झाडावर चढले नाहीत. रोपवाटिकेत गल्ल्यावर बसू लागले. मी स्वतःची समजूत घातली की पायामुळे असेल. पाय मीच बिघडवला होता, तरी ती समजूत मला सोयीची वाटत होती, यावरून वाचणाऱ्याने माझी पायरी ओळखावी.

एकदा मी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. जेवणानंतर मेहुण्यांनी पपई पुढे ओढली आणि सुरी उचलली. बहिणीने ती त्यांच्या हातातून काढून घेतली. त्यांनी घेऊ दिली. भाची तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेल. ती हसून म्हणाली, “बाबांच्या हातात सुरी नको. बाबा वेंधळे आहेत.” मेहुणेही हसले. मीही हसलो. बहिणीने फोडी केल्या आणि मी दोन खाल्ल्या.

हे मला खोटे बोलण्यापेक्षाही जास्त छळते. खोटे मी एका मिनिटात बोललो होतो. त्या फोडी मी सावकाश खाल्ल्या.

६. गेल्या वर्षीच्या मृत्युपत्राबद्दल. त्यात मी सर्व काही बहिणीला लिहून दिले होते, आणि एका बंद पाकिटात ही हकिगत लिहून ठेवली होती. माझ्या पश्चात उघडावी अशी. साक्षीदार म्हणून सही करायला मी टाकेबाईंना बोलावले. न वाचता सही करणार नाही म्हणाल्या. पाकीटही उघडायला लावले. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

“मेल्यावर सांगणार?”

“सांगतोय ना. लेखी सांगतोय.”

“त्यांना काही विचारायचं असलं तर कोणाला विचारतील? तुमच्या फोटोला?”

मी पाकीट पुन्हा चिकटवायला घेतले.

“टाके माझे आहेत मालक,” त्या म्हणाल्या. “मीही बावीस वर्षं गप्प बसले. पोट होतं पाठीशी. पण यावर मी सही करणार नाही. तुम्ही जा, नाहीतर मी जाते.”

७. मी गेलो. रविवारी दुपारी. मेहुणे वर्तमानपत्र वाचत होते, बहीण कपड्यांच्या घड्या घालत होती. मी बसलो नाही, कारण बसलो असतो तर चहा घेऊन परत आलो असतो. म्हणालो, “मेहुणे, त्या म्यानात मी पट्टी घातली नव्हती. मला माहीत होतं. सुरी तुम्ही तिरकी घातली नव्हती.”

त्यांनी वर्तमानपत्रावरून मान वर केली. मला वाटले अंगावर येतील. आले असते तर बरे झाले असते.

“म्हणजे मी नीट घातली होती?”

“हो.”

“नक्की?”

“वाकडी त्यात तिरकी जाऊच शकत नव्हती. मापच तसं होतं.”

त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवले आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, “बाळा, बाहेर ये. मामा काय म्हणतोय ते ऐक.” भाची आली. “सांगा दादा, परत सांगा.” मी परत सांगितले. मग ते बहिणीकडे वळले. “तू ऐकलंस ना? नीट घातली होती मी.” असे त्यांनी तीनदा म्हटले. राग नव्हता आवाजात. एखाद्याला हरवलेले काहीतरी सापडावे तसा त्यांचा चेहरा झाला होता, आणि तो चेहरा बघणे मला रागापेक्षा जड गेले. म्हणाले, “पाय दुखायचा म्हणून नाही हो सोडलं चढायचं. माझा माझ्या हातांवर भरवसाच राहिला नव्हता.”

बहीण उठली. “पायाचं मी पोटात घातलं असतं, दादा,” ती म्हणाली. “पण मी यांना पोरीसमोर वेंधळं ठरवलं. रोज. तुझ्या शब्दावर.” दाराशी जाऊन तिने माझ्या चपला सरळ करून ठेवल्या. “तुझं घर मला नको. माझ्या नावावर काही ठेवलंस तर मी ते घेणार नाही.”

त्याला आता चार महिने झाले. ती माझ्याशी बोललेली नाही. ती बोलावी म्हणून कोणीही मध्यस्थी करू नये. तिचे बरोबर आहे.

८. वरील कारणाने वरच्या दोन खोल्या व बँकेतील शिल्लक मी भाचीला देत आहे. तिने एक वर्षात हो किंवा नाही कळवावे. नाही म्हणाली तर हेही टाकेबाईंना जावे. ती एकदा येऊन म्हणाली, “मामा, मी तुझ्यावर चिडले आहे, पण खोल्यांवर नाही.” यावरून हो म्हणेल असे वाटते. न म्हटल्यास तिला कोणी समजावू नये.

९. रविवारनंतर आठव्या दिवशी मेहुणे वाकडीला टॉवेलात गुंडाळून दुकानात आले. स्टूल ओढून बसले.

“आता करा म्यान. मी इथेच बसतो.”

तीन दिवस लागले. ते रोज सकाळी येऊन बसत. माझा अंगठा थरथरत होता म्हणून पट्टीचे दोन तुकडे वाया गेले. चार तुकडे भिजवून, वळवून, जोडून झाले तेव्हा त्यांनी त्यावरून बोट फिरवले.

“ही होय ती?”

“हीच.”

“एवढीशी?”

मी जोडकाम टाकेबाईंपुढे सरकवले. त्यांनी शिलाई केली, दुहेरी, मेणाच्या दोऱ्याने. वर पान वगैरे काही उठवले नाही. मेहुण्यांनी सुरी वीस-पंचवीस वेळा घालून आणि काढून बघितली, मग कमरेला लावून निघून गेले. त्यांनी मला माफ केले असे ते म्हणालेले नाहीत, मी विचारलेलेही नाही. या म्यानाचा कागदी नमुना दुकानात भिंतीवर आहे. कोणी अशी आडव्यातिडव्या आकाराची सुरी घेऊन आले तर तो उतरवावा, आणि त्या माणसाला आत बोलावून पट्टी दाखवावी, मगच शिवावे.

१०. मेहुण्यांना मी काहीही ठेवलेले नाही. हे त्यांच्या सांगण्यावरून आहे. म्हणाले, “मला काही ठेवू नका दादा. ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही, असं वकील म्हणाले. मला तुमच्या कागदावर सही करायची आहे.” मी कारण विचारले. म्हणाले, “खाली माझी सही असली की कोणी म्हणणार नाही, म्हातारा भ्रमात काहीतरी लिहून गेला.”

११. माझ्या मागे दुकान एक दिवस बंद ठेवावे. दुसऱ्या दिवशी उघडावे. मोरीत चामडे भिजत घातलेले असेल तर तो एक दिवसही बंद नको, चामडे सडते.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले, वकिलांनी मोठ्याने वाचून दाखवले, आणि दोन्ही साक्षीदारांसमक्ष, एकाच बैठकीत, सही केली.

ठिकाण: दुकान, खालची खोली.
दिनांक: नऊ फेब्रुवारी, सोमवार, दुपारी चार वाजता.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिला: शेजारी, घड्याळदुरुस्ती. (सही)

साक्षीदार दुसरा: मेहुणे, ~~पूर्वी~~ झाडांची छाटणी करणारे. (सही)

टीप: वरील ओळीतील एक शब्द साक्षीदाराने सही करताना स्वतःच्या हाताने खोडला आहे. ही खाडाखोड मला मान्य आहे. (सही)