सतरा नंबरच्या चपला

२९ जानेवारी
अखेर नोकरी! उमरीहून पहाटेची एसटी धरली, लातूरला गाडी बदलली आणि निलंग्याच्या अलीकडं देवणगावला दुपारी उतरले. निघताना आईनं टोमणा मारलाच. आजा नगरपालिकेत झाडू मारायचा आणि नात गटारावर इंजिनिअर! मी म्हटलं, प्रगती आहे की.

गावात भुयारी गटाराचं काम संपत आलंय. बावन्न चेंबर. नऊ फेब्रुवारीला लोकार्पण आहे, मोठे पाहुणे येणार आहेत. आमचा सुपरवायझर भुजंग माणूस दिलदार. चहा-भजी झाल्यावर त्यानं एक गठ्ठा पुढं सरकवला. प्रत्येक कागदावर छापलेलं, ‘चेंबर उघडून पाहिले, आत कोणी नाही, झाकण लावले.’ मी चारच चेंबर पाहिले होते. तो म्हणाला की बाकीच्यांवर सिमेंटचा रस्ता होऊन गेलाय, आता काय रस्ता फोडणार म्याडम? मी बावन्न सह्या ठोकल्या. माझी सही दिसते मात्र झोकदार. ही खिशातली रोजनिशी आणि दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल आता सायटवरही सोबत राहील.

३१ जानेवारी
आज व्यंकटीमामांनी मला शहाणं केलं. तीस वर्षं गटारात उतरणारा माणूस. त्यांची रीत अशी की उतरणाऱ्यानं चपला चेंबरच्या तोंडाशी काढायच्या, टाचा भोकाकडं. जितके जोड वर, तितकी माणसं आत. प्रत्येक जोडात त्याचे पाय परत आले की मगच झाकण. वही नाही, शिट्टी नाही. कमरेच्या दोरीला दोन हिसके म्हणजे वर ओढा. मी हसून विचारलं, कुणी चपला चोरल्या तर? मामा हसले नाहीत. दुसऱ्याच्या चपलेला पाय लावायचा न्हाई म्याडम, एवढंच म्हणाले.

२ फेब्रुवारी
सतरा नंबरचं झाकण नव्या रस्त्यात बसवलेलं आहे, कडेनं सिमेंट भरून पक्कं. त्यावर काल निळ्या पट्ट्याच्या रबरी चपला होत्या, टाचा झाकणाकडं. अंगठ्याचा पट्टा तारेनं बांधलेला. मी काठीनं बाजूला सारल्या. आज सकाळी पुन्हा तिथंच.

पंचफुला नावाची बाई तिथं बसून होती. तिचा नवरा मडिवाळप्पा, पलीकडचा, बिदरकडचा. डिसेंबरात सतरा नंबरवर कामाला आला तो घरी गेलाच नाही. कंपनी सांगते पळून गेला. तिनं ती तार ओळखली, तिनंच बांधली होती. मला म्हणाली, चपला हितं सोडून कोन पळून जातंय वो ताई?

मामांना कोपऱ्यात घेऊन विचारलं. ते रडायलाच लागले. त्या दिवशी काँक्रीटची गाडी येऊन उभी होती. भुजंगनं घाईत तोंडाशी पडलेल्या सगळ्या चपला पायानं लोटून गोळा केल्या आणि टिपर ट्रकमध्ये टाकल्या. मग वाकून पाहिलं. एकही जोड नाही, म्हणजे आत कुणी नाही. झाकण लावलं, वरून सिमेंट. संध्याकाळी मामांच्या ध्यानात आलं. ठेकेदार संगमेश्वरअण्णानं त्यांना सांगितलं की तोंड उघडलंस तर तुलाही त्याच्या शेजारी झोपवीन.

आणि आत कोणी नाही, याखाली माझी सही आहे.

४ फेब्रुवारी
भुजंगला म्हटलं, रस्ता फोडा. तो म्हणाला फोडू की, मग आपण दोघं जोडीनंच आत जाऊ, तुरुंगात. अण्णाला फोन केला. लोकार्पण झाल्यावर बघू म्हणाला, मेलेला काय चार दिवसांत जिता होतोय का. मी फोन ठेवला आणि जेवायला बसले. जेवण घशाखाली गेलंही. स्वतःची किळस येते.

५ फेब्रुवारी
सकाळी नऊला सतरा नंबरवर निळ्या चपलांशेजारी भुजंगचे तपकिरी बूट. नीट जोडून, टाचा झाकणाकडं, मोजे घडी करून आत. झाकणाच्या कडेचं सिमेंट जसंच्या तसं.

दुपारी अजून उघड्या असलेल्या अठरा नंबरला लाइन तुंबली. जेटिंगच्या गाडीनं पाणी मारलं तेव्हा आधी शर्टाची बाही आली, मग बाहीतला हात. भुजंग नऊ इंची पाइपात होता. नव्वद किलोचा माणूस. खांदे आत मोडलेले, जबडा पाठीकडं वळलेला, बरगड्यांचा चुरा. बाहेर काढताना तो दोन ठिकाणी तुटला. जेटवाला पोरासारखा रडला. अण्णानं सगळ्यांना पढवलं की दारू पिऊन अठरात पडला.

७ फेब्रुवारी
झाकणाला आतून ठोके पडतात. भर दुपारी. दोन. थांबून पुन्हा दोन. वर ओढा.

सगळ्यांना ऐकू येतं. मिक्सरवाल्यानं रेडिओ मोठा केला. मामांनी फावडं टाकलं आणि म्हणाले, हितं काम करणार न्हाई. अण्णा गाडीतून उतरला आणि त्यानं फावड्याचाच दांडा मामांच्या तोंडावर मारला. एकदा नाही, चारदा. दोन दात रस्त्यावर पडले. मी उभी होते. नुसती उभी होते.

ठोके चालूच.

८ फेब्रुवारी, सकाळ
आज सगळे मंडपाकडं आहेत. निलंग्याहून भाड्यानं काँक्रीट फोडायचा ब्रेकर आणलाय. मी, मामा, पंचफुला. अण्णा आत टाको नाहीतर पोलीस, मडिवाळप्पाला आज बाहेर काढायचं. ती सही मला पुसायची आहे.

साडेबारा
झाकण निघालं. तो दुसऱ्याच पायरीवर आहे, गजाला मिठी मारून. दोन महिने झाले तरी ताजा. बोटं पहिल्या पेरापर्यंत झिजलेली. झाकणाच्या आतल्या बाजूला त्याच्या हाडांचे ओरखडे.

पंचफुलानं पदर दातात धरला.

मामा सुजल्या तोंडानं कमरेला दोरी बांधायला लागले. मी त्यांच्याकडून घेतली. सही माझी आहे. तासभर हवा खेळू दिली. माझ्या मरून रंगाच्या पट्ट्याच्या चपला काढल्या, निळ्यांच्या शेजारी, टाचा भोकाकडं. दोन जोड. मामांनी मोजले. उतरते.

आत. मोबाइलच्या उजेडात
मी त्याच्या काखेतून दोरी घालत होते तेवढ्यात वर गाडी थांबली. अण्णाचा आवाज. मामांची किंकाळी, मग फावड्याचा आवाज, मऊ, तीनदा. मग किंकाळी नाही. मामांचं रक्त भोकातून माझ्या केसांत पडलं. पंचफुलाला कुणीतरी फरफटत नेत होतं.

दोरी कापून माझ्या अंगावर टाकली.

त्या चपला टिपरमध्ये फेका रे, अण्णा म्हणाला. सगळ्या. उद्या पाहुणे हायत.

झाकण.

थोड्या वेळानं
नेटवर्क नाही. बॅटरी सहा. वास डोक्यात चढतोय. मी ठोकलं, ओरडले. वर माणसं आहेत, मला ऐकू येतात. कुणीतरी रेडिओ लावला.

मडिवाळप्पानं मान वळवली.

खरंच वळवली. माझा डावा हात धरला. बोटांची टोकं नाहीत, तरी धरला. माझी मूठ झाकणावर आपटली. दोनदा. पुन्हा दोनदा. माझी कातडी निघाली, तो सोडत नाही—

वर रेडिओ बंद. अण्णा कुणाला तरी शिव्या देतोय. जवळ आला. गप्प झाला.

बुटाची नाडी सुटल्याचा आवाज. एक बूट ठेवला. दुसरा. नीट, जोडून—

झाकण सरकतंय. उजेड. अण्णाचे पाय, अनवाणी. तो रडतोय, नको म्हणतोय, आणि उतरतोय. मडिवाळप्पानं घोटा धरला. हाड मोडलं. गुडघा मोडला. तो त्याला पाइपात घालतोय, मी इतक्या जवळ— रक्त वहीवर—

मंडपाकडची माणसं धावत आली. वाकून बघतायत. आता काढतील. मी खाली अंधारात आहे, वासानं आवाज फुटत नाही, इथं, इथं—

कुणीतरी विचारलं, आत किती हायत. दुसरा म्हणाला, बुटाचा एकच जोड हाय.

त्यांनी अण्णाला वर ओढून घेतलं. अर्धाच. पण घेतला. एक जोड, एक माणूस. आता झाकण—

थांबा. माझ्या चपला टिपरमध्ये बघा, मरून पट्ट्याच्या, टिपरमध्ये ब—