वाणात गेलेलं नाताळाचं झाड

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥
अंथुर्णे, मार्गशीर्ष लागलाय (तारीख कॅलेंडरवर हाय, पण त्या पानावर मी गॅसवाल्याचा नंबर लिहिलाय, आता दोनी वाचता येत न्हाईत.)

वडगावच्या विहीणबाई सारजाबाई यांना प्रयागबाईचा रामराम, आन व्याहीबुवांना वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा हाय? तेल लावता का नुसती बाटली उशाला ठेवता? माझा गुडघा झ्याक हाय. महिनाभर असा चाललाय की दुखायचं इसरलाय. तो कुठं कुठं चालला ते सांगायलाच कागद घेतला. फोन केला असता, पर तुमच्या भरल्या घरात फोन सुना उचलत्यात आन लगेच स्पीकरवर टाकत्यात. ही गोष्ट स्पीकरवर टाकायची न्हाय. सोनमच्या कानावर तर अजाबात जाऊ देऊ नका. लेक तुमची असली तरी सून माझी हाय.

तर गेल्या संक्रांतीच्या तोंडावर माझ्या विजयसिंहाचा बारामतीचा मित्र कॅनडातनं आला आन एक पेटी ठेवून गेला. विजय फोनवर म्हणाला, आई, आमी घर बदलतोय, जागा न्हाय, पेटी तुझ्याकडं असू दे, बाकी सोनम सांगंल. सोनमचं सांगायचं राहिलं. (सामान बांधत होती बिचारी. मी नाव ठेवत न्हाय, नुसतं सांगती.) मी पेटी उघडली तर आत बारक्या बारक्या कागदाच्या पुड्या. एकीत चष्मा घातलेलं बदक, एकीत स्कूटरवर बसलेलं अस्वल, एकीत लाल टोपीची खार, आन परत्येकाच्या डोक्याला सोनेरी दोरा. आपली नात संस्कृती टीव्हीवर ती कार्टूनं बघती न्हाय का, जेवताना, तोंड उघडं टाकून? तीच. आता तुमीच सांगा विहीणबाई, संक्रांतीच्या आठवड्यात सुनेनं सासूला पेटीभर सारख्या मापाच्या वस्तू एकेक कागदात बांधून धाडल्या, तर बाईमाणसानं काय समजायचं? वाणच की ते! माझ्या तर डोळ्यात पाणी आलं. म्हणलं, सात समुद्रापल्याड पोरीनं संक्रात ध्यानात ठेवली.

आन माझी संक्रात म्हंजी तुमाला ठाव हाय. मालक गेल्यापास्नं त्या दिवशी मी दार लोटून बसायची. गल्लीतनं बायका नटूनथटून जायच्या, पैंजणाचा आवाज दारापर्यंत यायचा आन फुडं जायचा. यंदा मात्र शेजारची रोहिणी (शिकलेली हाय, ट्रॅक्टर सुदिक चालवती) म्हणली, “काकू, आता तसलं काय राहिलं न्हाय. तुमी करा हळदीकुंकू, बायका मी आणती. आन कोण न्हाय म्हणली तर तिचं नाव सांगा.” कोणच न्हाय म्हणलं न्हाय. ओसरी भरून बायका आल्या, बसायला सतरंजी पुरंना. मी आपली खुळ्यावानी ह्या खोलीतनं त्या खोलीत, नि जिला तिला कॅनडाचं वाण. गावात तोवर वाणात कुणी चाळणी दिली, कुणी साबणाची डबी. माझ्या बदकापुढं सगळी फिकी पडली.

मग दिवाळीला सोनमचा फोन. आई, यंदा नाताळला आमी तिकडंच येतो, संस्कृतीला तिचं झाड आज्जीच्या अंगणात लावायचंय. दर साली ती पाचसात कार्टूनं दुकानातनं निवडती, त्यांच्यावर साल लिहिल्यालं असतं, झाडाला टांगत्यात, आन नाताळ झाला की परत कागदात. “ती पेटी जपून ठेवलीय न्हवं?” मी म्हणलं, व्हय. दुसरं काय म्हणणार? लेकरू साता वर्साची आठवण गोळा करतंय, आन आज्जीनं ती गावभर वाटली!

आता दिलेलं वाण माघारी मागायचं म्हंजी काय असतं ते तुमाला सांगायला नको. पर संस्कृती यायची होती. मी देवाचं नाव घेतलं, घरातल्या स्टीलच्या वाट्या पिशवीत भरल्या, आन घरोघरी निघाली. एक वाण घ्यायचं, दुसरं द्यायचं, म्हंजी ओटी रिकामी होत न्हाय (हा शास्तार मीच काढला.)

रोहिणीकडं अस्वल ट्रॅक्टरच्या आरशाला लटकत होतं, धुरानं म्हशीच्या रंगाचं झाल्यालं. प्रतिक्षाच्या छकुलीनं बदकाचा चष्मा चघळून चघळून पांढरा केलता. मी हात लावला तर पोरगी अशी किंचाळली की प्रतिक्षाची सासू म्हणली, “अवो, लेकराच्या तोंडातलं काढता व्हय?” आप्पासाहेबाच्या आईनं तर कळसच केला. बाईनं खार देव्हाऱ्यात बसवली! रोज कुंकू, रोज साखर. म्हणली, परदेशी देवी हाय, उठवायची तर पुरणाचा निवद लागंल. मग केलं बाई पुरण. खारीला दाखवलं आन आमी दोघींनी खाल्लं. लई दिसांनी कुणाबरं बसून पुरण खाल्लं, म्हणून दोन पोळ्या जास्त गेल्या.

दत्तोबा मातर ऐकंना. त्यानं बायकोला वाणात मिळाल्यालं पेंग्विन जर्सी गाईच्या गळ्यात बांधल्यालं, दिष्ट लागू नये म्हणून. तवापास्नं डेअरीत दुधाला फॅट चांगली लागती म्हणं. म्हणतो कसा, “काकू, पक्षी मिळायचा न्हाय. नात आली की सांगा, मी गायच आणून झाडाशेजारी बांधतो.” मी म्हणलं, मुडद्या, नाताळाचं झाड हाय का गोठा? तर म्हणतो, त्यांच्या देवाचा जलम गोठ्यातच झालाय, शाळेत शिकलोय मी. शेवटी गाईच्या गळ्यात काळा दोरा आन बिबा बांधला, दत्तोबाला माझ्या हातची गोधडी दिली, तवा पेंग्विन सुटलं. शेणाचा वास अजून जात न्हाय.

अशी सगळी गोळा झाली. झाड कुठलं आणायचं ह्याचा इचार गावानंच केला. वेडी बाभळ! तिला काय तोटा हाय आपल्याकडं? रोहिणीनं एक मोठी फांदी तोडून तेलाच्या डब्यात रोवली. काट्याला दोरा असा बसतो की वारं सुटलं तरी कार्टून हलत न्हाय. ज्यांनी ज्यांनी दिलं त्या रोज येऊन आपलं आपलं बघून जात्यात. छकुली तर खालनं बदकाला हाका मारती. “नात कधी यायची?” म्हणून इचारत्यात, चहा पित्यात, जात्यात. साखर लई लागाय लागलीय. लागू द्या.

बाकी क्षेम. ऊस उभा हाय, तोड आली न्हाय. व्याहीबुवांना म्हणावं तंबाखू कमी करा.

तुमची विहीण,
प्रयागबाई

ता.क. मुद्द्याचं राहिलंच. संक्रांतीनंतर रोहिणीच्या भावाबरं मी तुमाला बी एक वाण धाडलं होतं. अंड्यातनं डोकं काढल्यालं पिल्लू. त्याच्यावर संस्कृतीच्या जल्माचं साल हाय, त्ये तिचं पयलं. तुमच्या काचेच्या कपाटात ठेवलंय असं कळलं. त्येवढं द्या. बदल्यात वाटी न्हाय, पितळी तांब्या देती.

आनखी एक. काल विजयचा फोन आला. रजा मिळाली न्हाय, फुडल्या वर्षी बघू म्हणाला. मी म्हणलं, बघू की, त्यात काय. गावात अजून सांगितलं न्हाय, चहाला येत्यात बिचाऱ्या.

म्हणून पिल्लू कुणाच्या हाती धाडू नका, तुमीच घेऊन या. नाताळाच्या दिवशी संस्कृती फोनवर झाड बघणार हाय. ती म्हणली, आज्जी, तू झाडाजवळ हुबी राहा, मला तू बी दिसाय पायजे. मी झाडाजवळ हुबी राहिली तर फोन कोण धरणार?