पाणी कमी, गळती जास्त

१४ जुलै, सोमवार

"सकाळी कुंथता का?" — असं विचारलं! पहिल्याच भेटीत, तोंडावर. ही वेदिका मॅडम माझ्या लेकीपेक्षा, सानवीपेक्षा, फार तर आठ-दहा वर्षांनी मोठी. मी गेले होते खोकताना, शिंकताना, हसताना कपडे ओले होतात म्हणून. आणि बाई विचारतेय नाश्त्याला काय, चहा किती, पोट साफ होतं का! मला वाटलं होतं फिजिओथेरपी म्हणजे पाय वर, पाय खाली. व्यायाम दिले तिने, नाही असं नाही. पण अर्धा वेळ माझ्या ताटातच अडकून पडली.

पाणी किती पिता म्हणाली तेव्हा मी अभिमानाने सांगितलं — अंगणवाडीत गेल्यापासून घरी येईपर्यंत घोटभरही नाही. तिथल्या संडासात पाणी नसतं. आणि प्यायलंच नाही तर गळणार कुठून? सरळ हिशेब!

ती म्हणाली, "ताई, पाणी कमी पडलं की लघवी तीव्र होते. आतून झोंबते. मग जरा साठली तरी पिशवी म्हणते, पळ."

म्हणजे इतकी वर्षं मी उलटंच करत होते? खरं वाटत नाही. पण करून बघायला काय जातं.

१५ जुलै

कालचं तिचं एक वाक्य डोक्यातून जात नाही. "मी व्यायामाने जे स्नायू वर उचलायला सांगतेय, तेच तुम्ही रोज सकाळी जोर करून खाली ढकलताय."

पोटाचा आणि त्या जागेचा असा शेजार असतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. दोन बाळंतपणं झाली (पहिलं जगलं नाही), इतके डॉक्टर झाले, कुणीच नाही.

आणि गंमत म्हणजे मी सेविका! गरोदर बायांना तक्ते दाखवते — नाचणी खा, पालेभाजी खा, कडधान्यं भिजवा. स्वतः सकाळी चहा-बटर, दुपारी भात आणि सुकटीचं कालवण, संध्याकाळी पुन्हा चहा-खारी. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

१९ जुलै

ह्यांचा फोन आला. जहाज ब्राझीलच्या बाजूला आहे. एवढ्या माणसांचं जेवण रांधतात तिथल्या गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, आणि मला विचारतात, "तू काय जेवलीस?"

या वर्षी गणपतीला हे नाहीत. कंपनीने कॉन्ट्रॅक्ट तीन महिने वाढवलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, एकही गणपती चुकवला नाही ह्यांनी. रजा तशीच लावून घ्यायचे. सासूबाई रोज कंपनीच्या नावाने बोटं मोडतात. आता येतील ते दिवाळीच्या तोंडावर.

इथे कोणी वाचणार नाही, तेव्हा लिहूनच टाकते. मागच्या रजेत मी सगळे दिवस सानवीच्या खोलीत झोपले. तिची बारावी आहे, तिला सोबत लागते — ही सबब. खरं म्हणजे भीती. वास आला तर? अंथरूण ओलं झालं तर? ह्यांना सवय हसवायची. हे काही बोलले नाहीत. मीही नाही. आता सानवी पुण्याला गेली, सबबही गेली. या वेळी मला माझ्या खोलीत, ह्यांच्याजवळ झोपायचं आहे. म्हणून गेले त्या मॅडमकडे. घरात कोणाला सांगितलेलं नाही.

२३ जुलै

पाणी वाढवलं आणि पळापळ दुप्पट! वाटलं, फसवलं पोरीने. फोन केला तर म्हणते, "तांब्या तोंडाला लावलात ना? घोट घोट प्या. पिशवीला सवय व्हायला वेळ द्या."

अंगणवाडीशेजारी मालनचं घर. "जरा संडासाला जाऊ का गो?" — एवढं विचारायला आठ वर्षं जीभ रेटली नव्हती. ती म्हणाली, "जा की! त्यात काय विचारायचा गो?"

संपलं! एवढंच होतं ते.

२८ जुलै, पहिला श्रावणी सोमवार

साबुदाण्याची खिचडी. बटाट्याचा कीस. उपास म्हणून दोन चहा जास्त.

२९ जुलै

पोट दगड. कुंथले. कळतंय, तरी कुंथले!

५ ऑगस्ट

काल वेगळा उपास करून पाहिला. वरीचे तांदूळ, लाल भोपळ्याची भाजी, काकडी, केळं, दोनदा ताक. सासूबाई ताटाकडे बघत म्हणाल्या, "उपास हाय का चैन हाय गो?"

आज सकाळी काही त्रास नाही. माणूस तोच, देव तोच, सोमवार तोच. फक्त ताट वेगळं. फार मजा वाटली मला. शाळेत विज्ञान असं शिकवलं असतं तर मी नापास झाले नसते.

१२ ऑगस्ट

संध्याकाळचा चहा बंद केला. दोन दिवस डोकं असं दुखलं की कोणी बोललं तरी अंगावर जात होते. मालनलाही उगाच बोलले. आता ठीक आहे.

रात्री नाचणीची भाकरी, मुगाची नाहीतर मटकीची उसळ. परवा अळूचं फदफदं केलं, वाटीभर जास्तच खाल्लं.

आणि आज पोरांचं बडबडगीत घेताना शिंकले. लागोपाठ तीनदा. उभी होते तिथेच थिजले. तपासायला मालनकडे धावले — कोरडी! ठणठणीत कोरडी! एकटीच हसत बसले तिच्या मोरीत.

आता प्रश्न असा, हे खाण्याने झालं की व्यायामाने? चार दिवस व्यायाम बंद ठेवून बघावं का?

१३ ऑगस्ट

मॅडम ओरडल्या. "ताई, टाळी एका हाताने वाजते का?" बरं बाई. दोन्ही चालू. अजून सगळं गेलेलं नाही म्हणाल्या, महिने लागतील. खरं आहे. जोरात खोकला आला की थेंबभर होतंच.

२४ ऑगस्ट, रविवार

श्रावण संपला. बांगडे आणले. मॅडम म्हणतात स्नायू हवेवर बांधले जात नाहीत — मासा, अंडं, कडधान्य, काहीतरी पोटात गेलं पाहिजे. आमच्याकडे मधला तुकडा ह्यांचा, हे नसले की सासूबाईंचा आणि सानवीचा. माझी शेपटी आणि रस्सा. कोणी तसं सांगितलेलं नाही, मीच वाढून घेते तसं!

आज मधला तुकडा घेतला. सासूबाई म्हणाल्या, "मग शेपटी कोण खायाचा?"

म्हटलं, "मांजर."

२६ ऑगस्ट, हरतालिका

पूजा केली. वाळूची पिंडी, पत्री, सगळं रीतसर. पण बावीस वर्षं केली तशी निर्जळी शेवटपर्यंत नाही केली.

दुपारी लघवीला जळजळायला लागलं आणि ओट्याशी उभी असताना मनात आलं — नवऱ्याच्या आयुष्यासाठी घोटभर पाणी नाही, आणि तोच नवरा घरी आला की त्याच्या शेजारी झोपायची सोय नाही! हे कसलं व्रत? पेलाभर पाणी प्यायले. सासूबाई दारातच होत्या.

"पाणी प्यायलंस? आज? त्याच्या नावाचा उपास गो! तो तिकडे दर्यात, त्याला काय झाला म्हंजे?"

खोटं कशाला लिहू? समुद्रावरचा माणूस आहे. शिकले-सवरले तरी ती भीती काही जात नाही. खोलीत जाऊन ह्यांनाच फोन लावला. वाटलं, आई सांगायच्या आधी आपण सांगावं — पाणी प्यायले म्हणून. पण पाणी का प्यायले हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागत होतं. सांगितलं. गळती, वास, ती मॅडम, सानवीची खोली. एका दमात, भिंतीकडे तोंड करून.

मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाले, "गॅलीत काम आहे, नंतर करतो." आणि ठेवला.

किळस आली असेल का? सांगायला नको होतं का?

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

आरतीच्या आधी फोन आला. म्हणाले, "कॉन्ट्रॅक्ट कंपनीने नाही वाढवलं, विमल. मीच मागून घेतलं. मला वाटलं, तुला मी घरात नको झालोय."

बाहेर सगळे आरतीला खोळंबलेले. मला एवढंच म्हणता आलं — या. आधी घरी या.