दारावरची आठ फुलं

पनवेल,
१७ नोव्हेंबर १९९४

प्रिय रोहिणी,

अक्षर वेडंवाकडं आहे, कारण डाव्या हाताने लिहितोय. उजवा प्लास्टरमध्ये आहे. कागद मात्र तू ओळखशील. निळ्यावर चंदेरी ठिपके, लग्नसराईत सगळ्यात जास्त खपलेला. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितोय, म्हणजे कमळाकाकू शनिवारी ही गुंडाळी घेऊन आल्या की दत्ताला वाटेल, सासूने पोरीला पुन्हा कागदाचे तुकडे आणले.

कॅन्टीनमध्ये तुझं नाव घेऊन घाण बोलणाऱ्याचे दोन दात मी पाडले आणि कॉलेज सुटलं, हे तुला माहीत आहेच. प्रिन्सिपॉल माफी माग म्हणाले, मी मागितली नाही. पण त्यामुळेच काशिरामशेठच्या दुकानात गिफ्ट बांधायला लागलो आणि उरलेले तुकडे तुझ्यापर्यंत यायला लागले. वीतभर पट्टीसुद्धा तू वाया जाऊ द्यायची नाहीस. सुईवर गुंडाळून मणी, मण्यांचा पडदा, फडताळात अंथरायला कागद, डाळीच्या डब्यांना झबली. पोरीचा हात सोन्याचा हाय, असं काकू गल्लीभर सांगायच्या. मी मुद्दाम कागद मोठा कापायचो. शेठ ओरडायचा, गिफ्ट बांधतोस का बैलाला झूल शिवतोस. त्या तुकड्यांवर मी कधी एक अक्षर लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

तुझं लग्न ठरल्याचं कळलं त्या दिवशी मी आमच्या मोरीच्या दारावर गुद्दा मारला. प्लायवूड आरपार फाटलं. दुसऱ्या दिवशी त्या भोकावर लाल चमकीच्या कागदाचं आठ पाकळ्यांचं फूल होतं, तूच आईला शिकवलेलं. पाहुणे म्हणायचे, छान दिसतं.

म्हणून तर रोडपालीला तुझ्या घरी मला एका नजरेत कळलं. काकूंनी फराळाचा डबा देऊन पाठवलं होतं. तू चहा टाकायला गेलीस आणि मी तुमच्या आतल्या दाराकडे बघत बसलो. सात फुलं. शेजारची शकू कौतुक करत होती, वहिनींचं घर म्हणजे गिफ्टचं दुकानच. अगं, पण शोभेची फुलं कोणी अशी खांद्याच्या उंचीवर, वाटेल तिथे लावतं का? मी एका फुलावर बोट टेकवलं. बोट आत गेलं. सगळ्यात खालच्या फुलाच्या पाकळीतून एक लांब केस बाहेर आला होता, प्लायवूडच्या चिरेत अडकलेला. चहा देताना तू कानावरचा पदर सरकू दिला नाहीस.

दुसऱ्या दिवशी तळोज्याला दत्ताची शिफ्ट सुटायच्या वेळी मी शटर ओढायचा लोखंडी आकडा घेऊन उभा राहिलो. आकडा पहिल्याच फटक्याला हातातून निसटला. मग हातानेच मारलं. त्याचं नाक सुपारी फुटावी तसं वाजलं. तो खाली बसला, रक्त थुंकला आणि सगळ्या शिफ्टला ऐकू जाईल असं म्हणाला, "ती तुजी कोन लागते रं?" मला उत्तर देता येईना, म्हणून मारत राहिलो. त्याच्या डोक्यावर माझी बोटं मोडली, तरी थांबलो नाही. चौघांनी ओढलं तेव्हा सुटला. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं.

त्याने त्याच संध्याकाळी महादेवमामांना सांगितलं, तुमच्या भाचीचं बाहेर लफडं आहे, पुरावा माझ्या तोंडावर आहे. मामांना ते पटलं. आणि तुझ्या दारावर आता आठवं फूल आहे, असं शकूने काकूंना सांगितलं. ते माझं आहे, रोहिणी. मी मारलेलं तू खाल्लंस.

प्लास्टर घालून घरी आलो, तर आई त्या लाल फुलाशेजारी उभी होती. मी मोरीकडे वळलो तशी ती अंग चोरून बाजूला झाली. माझी आई मला घाबरते, हे तोवर मला माहीत नव्हतं.

आता ज्यासाठी लिहितोय ते. रविवारी सकाळी काकू मामांना घेऊन तुझ्याकडे येतायत. काकूंना तुला घरी आणायचंय, मामा मात्र तुझीच समजूत घालायला येतायत. चार माणसांत तुझ्या तोंडून शब्द फुटणार नाही, मी ओळखतो तुला. नको बोलूस. मी तिथे नसेन. मी दिसलो की सगळे माझ्याकडेच बघतील, दाराकडे कोणी बघणार नाही. उद्याच महाडला मावशीकडे निघतोय, परत कधी ते ठरवलेलं नाही. जाण्याआधी आमच्या दारावरचं फूल मी काढलं. आईला म्हटलं, भोक असंच राहू दे. तूही ऊठ, आणि मामांच्या देखत आठही फुलं काढ. पहिलं सगळ्यात खालचं. नखाने कड उचल आणि ओढ. तुझं चिकटवलेलं पक्कं असतं, जोर लागेल.

तुझाच, पण आता लांबूनच,
भरत