हिरव्या चिठ्ठ्या

पनवेल,
रविवार, दि. १२ डिसेंबर १९९९

ती. सुभाषदाजी यांना जगनचा शि. सा. नमस्कार.

मी बरा आहे. खोकला गेला. रोडपालीतली खोली तीच आहे, पाणी एक दिवसाआड येतं. गोदाअक्काचे गुडघे कसे आहेत? मनिषाला सांगा, मामानं रंगपेटी घेऊन ठेवली आहे.

हे पत्र कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बसून लिहितोय. सकाळी सातला कुलूप काढलं. मध्ये मध्ये उठावं लागतं, अक्षर सांभाळून घ्या.

तुम्ही विचारलं होतं, तू तिथं नक्की करतोस काय. नवं साल लागलं की इथली मशीनं तारीख चुकणार, म्हणून त्यांच्या आतली ऑपरेटिंग सिस्टिम बदलायची. मशीन तेच, चालवणारं नवं. अवधूत सरांनी त्यासाठी आठ फ्लॉपी स्वतः बसून तयार केल्या, वर नंबर घातले. पहिली घालायची, पडद्यावरची पट्टी भरेस्तोवर थांबायचं, मग दुसरी. एका मशीनला पाऊण तास. झालं की हिरवी चिठ्ठी लावायची, तारीख घालून. इंग्रजी येत नसलं तरी आकडे येतात, तेवढ्यावर भागतं. अशी तीस मशीनं. तीस संपली की सर म्हणतात, आणखी नवं आलंय. मागच्या वर्षी हेच केलं, त्याच्या आधीही. शेत एकदा नांगरलं की वर्षभर तरी गप्प असतं. हे गप्प बसत नाही.

तिसऱ्या मशीनला पाचवी घालून आलो.

दसऱ्याच्या सुट्टीत सगळी करायची होती. दोन दिवसांत अठरा झाली. दसऱ्याला झाडूवाल्या भामामावशीनं मशीनांना झेंडू वाहिला आणि म्हणाली, पूजा केल्यावर आज हात लावू नको. मला तेवढंच पाहिजे होतं. उरलेल्या बाराला चिठ्ठ्या लावून टाकल्या, म्हटलं उद्या पहाटे येऊन करू. एस.टी.नं उरणला गेलो, मोऱ्याच्या धक्क्यावर बसलो. मुंबईची लाँच सुटताना बघितली की मला बसवत नाही, तुम्हाला माहीत आहे. चढलो. मुंबईला काही काम नव्हतं. फिरलो, शेवटची लाँच चुकली, तिकडंच झोपलो. दुसऱ्या दिवशी दुपारी आलो तर लॅब पोरांनी भरलेली. चिठ्ठ्या तशाच राहिल्या. त्या बघून सरांनी तीस मशीनांच्या यादीवर सही केली.

मागच्या आठवड्यात तपासणीची माणसं आली. एकानं मागच्या रांगेतल्या मशीनची तारीख पुढं, नव्या सालात ढकलली, बंद करून चालू केलं. १९८० साल आलं. मग त्यानं सगळीच बघितली. बारा निघाली.

सरांनी मला एकदाच विचारलं, "जगन, सगळी केलीस ना?"

मी म्हणालो, "केली सर. फ्लॉपी खराब असतील."

त्यांनी मान हलवली. त्यांना मेमो मिळालाय, उद्या उत्तर द्यायचंय. चार वर्षं ते कायम व्हायची वाट बघतायत. आपल्याच फ्लॉपी खराब होत्या, असं ते लिहून देणार आहेत. परवा मला वाचून दाखवलं. मी ऐकून घेतलं.

दाजी, मला ठेवून घ्या म्हणून तुम्ही गडहिंग्लजच्या जुन्या ओळखीवर त्यांना सांगितलं होतं, पोरगं हुशार नाही पण खोटं बोलायचं नाही. सर अजून ते वाक्य लोकांना सांगतात.

काल भामामावशीनं जिन्यात गाठलं. म्हणाली, "देवाचा नाव घेऊन कुठवर लपशील? मी हात लावू नको म्हनलू. चिठ्ठी लाव म्हनलू नाय."

आता त्या बारातलं नववं चालू आहे. त्याच आठ फ्लॉपी. एकही खराब निघालेली नाही.

पहिल्यांदा डोक्यात आलं, गुपचूप करून ठेवावं. जुन्या चिठ्ठ्या आहेतच, कुणाला कळणार. पण सरांचं उत्तर तसंच जाईल. म्हणून झालेल्या मशीनवरची जुनी चिठ्ठी खरवडून काढतोय आणि आजची तारीख घालून नवी लावतोय. नखं दुखायला लागली. उद्या सर कागद घेऊन वर जायच्या आत त्यांना इथं आणून उभं करणार आहे. तोंड उघडलं नाही माझं, तरी चिठ्ठ्या वाचता येतील.

मग इथं राहीन असं वाटत नाही. तुम्ही सरांना पत्र घालू नका, माझ्यासाठी परत शब्द टाकू नका. घरी कधी येऊ ते तुम्हीच कळवा. नाही कळवलं तरी समजेन.

काढलेली एक चिठ्ठी सोबत घालतोय. अक्काला दाखवा. अक्षर माझंच आहे.

बारावं मशीन आठवी फ्लॉपी मागतंय. उठतो.

जगन