पोखऱ्याच्या वाटेवर टोमॅटो

१२ नोव्हेंबर, सोनौली
नेपाळात पाऊल ठेवलं. निश्चय: या प्रवासात भाकरीला शिवणार नाही. जिथे जाऊ तिथलं खाऊ. कॉन्व्हेंटने मला तेच शिकवलं. आमच्या बोरी बुद्रुक गावची बाकी टोमॅटोवाली मंडळी बसच्या टपावर शेगडी, बाजरीचं पीठ, सगळं लादून आलीत; गेणू आचाऱ्याला तेवढं टपावर बसवायचं बाकी ठेवलंय. गेणू आत बसलाय.

परवा दुपारी पोखऱ्यात दिलमायाकडे जेवण. पाचगणीच्या होस्टेलमध्ये आमच्या खाटा शेजारी होत्या. शाळा सुटल्यापासून भेट नाही. त्याच संध्याकाळी ती मुलीकडे सिडनीला निघते, कदाचित कायमचीच. उशीर चालणार नाही. यांना बजावलं. हे म्हणाले, "व्हय व्हय."

१३ नोव्हेंबर, तानसेनजवळ
संताप! घाटात बस थांबली. मला वाटलं, दरड. नाही. यांना रस्त्याखाली टोमॅटोचा प्लॉट दिसला. बस रिकामी. माझे दीर गोरखभाऊजी त्या शेतकऱ्याला विचारतात, "भाऊ, क्रेट को क्या भाव मिलता?" यांनी पान उलटून पाहिलं. "करपा हाय राव." मग औषध कोणतं, तार कोणती, बांबू कुठला. समोर हिमालय उभा. एकानेही मान वर केली नाही.

मी खिडकीतून ओरडले. जाऊबाई साळुबाई म्हणाल्या, "आक्का, वरडू नका, घसा बसंल. चतकोर भाकर खाता का?" ताठ नकार दिला. हॉटेलात दालभात मागवला. मोहरीच्या तेलाचा वास. दोन घास खाल्ले. भूक नव्हती.

१४ नोव्हेंबर, दुपार, वालिंग
जेवायची वेळ टळली. बस इथल्या भाजीबाजारात उभी! गोरखभाऊजी टोमॅटोचा क्रेट विकत घेतायत. दिलमायाचा फोन: "कुठे आहेस?" काय सांगू?

यांच्याशी सकाळपासून अबोला धरला आहे. यांना अजून कळलेलं नाही.

अर्धी भाकरी खाल्ली. रागात. ती हिशेबात धरायची नाही.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळ, पोखरा
पोचलो. दिलमाया फाटकात, पायात गमबूट. मिठी मारली. मी शाळेची प्रार्थना सुरू केली. दुसरी ओळ तिला येईना. गोरखभाऊजींच्या हातातला क्रेट पाहून ती म्हणाली, टोमॅटो? माझेही आहेत, पण पानं मुरडतात. घरामागे तिचं पॉलीहाउस!

हे चपला काढून तिच्यासोबत आत शिरले ते शिरलेच. दोघांची मोडकी हिंदी, दोघांचं खळखळून हसणं. मी तिच्या ओट्यावर चहा केला. एकटीने प्यायला.

तिची गाडी दारात आली तेव्हा विचारलं, माझं काय आठवतं गं? म्हणाली, "तू सूप पाहिलं की रडायचीस. भाकरी, भाकरी म्हणून. मी पाठीवरून हात फिरवायचे." दुसऱ्याच कुणाची आठवण असणार. पण जाताना तिने तसाच हात फिरवला.

बसपाशी गेणूने मासवडी केली आहे. दिलमायासाठी केलेली, ती तर गेली. वाया घालवणं असभ्य. उद्यापासून नक्की नेपाळी जेवण.

अबोला मात्र मोडावा लागला. रश्शाचं पातेलं यांच्यापुढे होतं.