साठांतून काढलेला एक पत्ता

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकसष्ट, धंदा चष्म्याच्या काचा घासणे, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. छातीत काचेची धूळ बसली आहे, पण ती डोक्यापर्यंत गेलेली नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही. आणायला घरात दुसरं माणूसच नाही.

कलम १. तिसऱ्या मजल्यावरची माझ्या मालकीची दोन खोल्यांची जागा सामानासह माझ्या धाकट्या भावाला मिळावी. न्हाणीघराची कडी आधी वर उचलून मग ओढावी लागते. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंच्या मोरीचं पाणी अकरा वर्षं माझ्या छतातून गळतं आहे आणि त्या अकरा वर्षं "बघते हं" म्हणत आहेत. त्यांना माझं काहीही मिळू नये, त्या नेहमी मागून नेतात ती शिडीसुद्धा.

कलम २. बँकेत असेल तेही धाकट्याचं. काच घासायचं माझं यंत्र मी काम करतो त्या दुकानाच्या मालकांना देऊ नये. माझ्या पत्त्यांच्या खेळाला त्यांनी चारचौघांत पोरखेळ म्हटलं होतं. ते गल्लीच्या टोकाच्या चष्मेवालीला द्यावं. ती हात धुऊन कामाला बसते.

कलम ३. आता पत्ते. धाकटा आणि मी आठ वर्षं स्पर्धांमध्ये पत्ते खेळलो. जुगाराचे नव्हेत, राक्षसांचे आणि जादूगारांचे, ज्यात प्रत्येकानं आपला साठ पत्त्यांचा डेक बांधून आणायचा असतो. आमचा कंट्रोल डेक. म्हणजे समोरच्याचा प्रत्येक राक्षस अडवायचा, त्याला दमवायचं, आणि त्याच्या हातात काही उरलं नाही की आपला जिंकणारा पत्ता खाली ठेवायचा. सव्वीस पत्ते शक्तीचे (त्यांच्या जोरावरच बाकीचे खेळता येतात), बत्तीस अडवण्याचे आणि नवे ओढण्याचे, दोन जिंकण्याचे. त्या दोनांवरून आमची कायम जुंपायची.

"दादा, दोन हवेतच. एक मेला तर?"

"एक पुरे. त्याच्या जागी अडवणारा घाल. काही येऊच दिलं नाही तर मरेल कसा?"

"मग जिंकायचं कशानं? समोरच्याला कंटाळा आणून?"

बावीस वर्षांपूर्वीच्या मोठ्या स्पर्धेत तो खेळणार असं ठरलं. डेकची यादी लिहून पंचांकडे द्यावी लागते. माझं अक्षर चांगलं, म्हणून ती मी लिहायला घेतली. तो चहा आणायला गेला होता. लिहिता लिहिता माझ्या अंगात आलं. त्यानं लावून ठेवलेल्या डेकमधून मी दुसरा जिंकणारा पत्ता काढला, अडवणारा घातला आणि यादीतही तसंच लिहिलं. त्याला सांगणार होतो, तेवढ्यात नावं पुकारली गेली.

तो अंतिम फेरीपर्यंत गेला. आधीच्या फेऱ्यांत एकाच जिंकणाऱ्यावर भागलं, म्हणून मीही सांगितलं नाही. समोर होता तो खेळाडू, ज्याला सगळे झटपट म्हणायचे. निर्णायक डावात झटपटनं धाकट्याचा पहिला जिंकणारा पत्ता मारला. धाकटा डगमगला नाही. त्याच्या हिशेबानं दुसरा यायचाच होता. तो सगळं अडवत राहिला, पत्ते ओढत राहिला. नऊ उरले, मग पाच, मग दोन. मी मागे उभा होतो. ओढायला पत्ता उरला नाही की खेळाडू हरतो. शेवटचा पत्ता त्यानं दोन्ही बाजूंनी पाहिला आणि खाली ठेवला.

"दादा, यादीत दोन होते ना?"

"दोनच होते," मी म्हणालो. "डेक लावताना तुझ्या हातून राहिला असेल."

असं मी म्हणालो. धाकटा तेव्हा औषधाच्या दुकानात गोळ्या मोजून द्यायचा. त्या दिवसानंतर तो प्रत्येक पाकीट तीनदा मोजू लागला, मग पाचदा. गिऱ्हाइकं ताटकळायची. त्याला गोदामात टाकलं, तिथून त्यानंच काम सोडलं. आजही कुलूप लावून जिना उतरतो, परत चढतो, ओढून पाहतो. आपल्या डोक्यात बिघाड आहे असं स्वतःच सगळ्यांना सांगतो. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. एका वाक्याचं औषध माझ्याकडे होतं आणि मी ते दिलं नाही. दर रविवारी तो येतो, दर रविवारी मी सांगायचं ठरवतो आणि विचारतो, "चहा टाकू?" मला माझी किळस येते.

तरी सगळे साठ पत्ते आणि माझ्या चष्म्याच्या डबीतला तो काढलेला पत्ता धाकट्याला द्यावा आणि हे कलम त्याला मोठ्यानं वाचून दाखवावं. मी गेल्यावर. समोर बसून सांगायची माझ्यात हिंमत नाही.

साक्षीदार: कोपऱ्यावरचा न्हावी (सही), शेजारची शिंपीण (सही). दोघांनी मला सही करताना पाहिलं. मजकूर वाचलेला नाही.
ठिकाण: राहतं घर. दिनांक: चालू महिन्याची तीन. (सही)

पुरवणी. वरच्या तिन्ही कलमांत धाकट्याच्या जागी त्याची बायको, माझी भावजय, असं वाचावं. धाकटा परवा दवाखान्यात वारला. हृदय बंद पडलं. मोठा मी, आजारी मी. तो आधी जाईल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. मी पोचलो तेव्हा भावजय बाकावर बसली होती.

"भाऊजी, शेवटी शेवटी एकच विचारत होते. 'मी तो पत्ता घातला होता ना गं?' मी आपलं हो, हो म्हणत राहिले. खरंखोटं मला काय ठाऊक?"

तेव्हाही मी पाणी आणू का, एवढंच विचारलं.

कलम ३ आता तिला वाचून दाखवावं, आणि वाचणाऱ्यानं माझ्या वतीनं शेवटी जोडावं: तू त्याला खोटं सांगितलं नाहीस. त्यानं तो घातला होता.

साक्षीदार: तेच दोघे (सह्या).
ठिकाण: तेच. दिनांक: सत्तावीस. (सही)